पस्तिशी ओलांडलेला पॉइंट गार्ड घ्यावा का? आधी काम ठरवा, किंमत नंतर

प्रश्न थोडक्यात असा आहे. एनबीएतला, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमधला, एक संघ विजेतेपदाच्या आसपास पोचलाय. एक मोठा स्टार आहे, त्याच्या जोडीला दोन तरुण गार्ड आहेत, पण सामना अटीतटीला आला की चेंडू कोणी हाताळायचा याचा गोंधळ होतो. फ्री एजन्सीच्या, म्हणजे करारमुक्त खेळाडूंच्या, बाजारात सदतीस-अडतीस वर्षांचा, मोठ्या नावाचा पॉइंट गार्ड (चेंडू आणून चाल रचणारा खेळाडू) मोकळा आहे. त्याला घ्यावं का, आणि घेतलाच तर किती पैशांत, किती वर्षांसाठी? विचारणाऱ्याने शेवटी जोडलंय की तो किमान पगारात यायला तयार असेल तर एवढा विचार करायचाच कशाला, जाणार काय आहे आपलं?

मी बरीच वर्षं प्रतिस्पर्धी संघांचे व्हिडिओ कापून प्रशिक्षकांपुढे ठेवायचं काम करतोय. अनुभवी गार्डच्या बाबतीत संघ सगळ्यात जास्त फसतात ते याच "जाणार काय आपलं"मुळे. म्हणून उत्तराची सुरुवात तिथूनच करतो.

ख्रिस पॉल या नामवंत पॉइंट गार्डचे लागोपाठचे दोन उन्हाळे शेजारी ठेवून बघा. २०२४ च्या जूनअखेरीस गोल्डन स्टेटने त्याला सोडलं. त्याच्या कराराच्या शेवटच्या वर्षाचे ३ कोटी डॉलर हमीचे नव्हते, त्यामुळे सोडायला काही खर्च आला नाही. सॅन अँटोनियोने त्याला एका वर्षासाठी सुमारे १ कोटी ५ लाख डॉलरना घेतलं. वय ३९. सॅन अँटोनियो आदल्या हंगामात ८२ पैकी फक्त २२ सामने जिंकलेला संघ. तळाच्या संघाने म्हाताऱ्या खेळाडूवर एवढे पैसे का घालावेत, असा सूर तेव्हा बऱ्याच जणांनी लावला होता. पण त्या संघाकडे व्हिक्टर वेम्बन्यामा हा अतिउंच तरुण स्टार होता आणि त्याला वेळेवर, हव्या त्या उंचीवर चेंडू देणारं कोणी नव्हतं. आदल्या हंगामाच्या सुरुवातीला त्यांनी जेरेमी सोहान या मुळातल्या फॉरवर्डला पॉइंट गार्ड करून पाहिलं होतं. बघवत नव्हतं. पॉल आला आणि ८२ च्या ८२ सामन्यांत सुरुवातीच्या पाचांत उतरला. सरासरी २८ मिनिटं, ८.८ गुण, ७.४ असिस्ट (ज्यावर सहकाऱ्याने बास्केट केलं असे पास). त्या हंगामात मुख्य प्रशिक्षक पोपोविच यांना स्ट्रोक आला, वेम्बन्यामा खांद्यातल्या रक्ताच्या गुठळीमुळे फेब्रुवारीपासून बाहेर बसला, तरी संघ २२ वरून ३४ विजयांवर गेला. स्टेफन कॅसल हा नवखा गार्ड वर्षातला सर्वोत्तम नवोदित ठरला. याचं सगळं श्रेय पॉलला देणं हा भाबडेपणा होईल, पण पैसे वाया गेले असं कोणी म्हणू शकणार नाही.

पुढच्या उन्हाळ्यात, २०२५ मध्ये, तोच माणूस लॉस एंजेलिस क्लिपर्सकडे गेला. पगार ३६ लाख डॉलर, म्हणजे अनुभवी खेळाडूचा किमान पगार. आदल्या वर्षाच्या साधारण एक तृतीयांश. २०११ ते २०१७ तो तिथेच खेळलेला, कुटुंब लॉस एंजेलिसला, सगळं कसं छान जुळून आलेलं. पण तिथे चेंडू आधीच जेम्स हार्डन या स्टार गार्डच्या हातात होता. पॉलच्या वाट्याला बेंचवरून जेमतेम १४-१५ मिनिटं आली, तीही रोज नाही. डिसेंबरच्या सुरुवातीला संघ ५ विजय, १६ पराभव अशा अवस्थेत असताना व्यवस्थापनाने त्याला दौऱ्यावरूनच घरी पाठवलं. सगळ्यांना उघडपणे बोल लावण्याच्या त्याच्या सवयीवरून आत खटके उडत होते, अशा बातम्या आल्या. संघाच्या अध्यक्षांनी पराभवाचं खापर त्याच्यावर फोडलं नाही, आणि ते बरोबरच होतं. सोळा पराभवांना तो एकटा जबाबदार नव्हता.

एका वर्षात गुडघे थकतात, मान्य. पण फरक तेवढ्याने पडला नाही. सॅन अँटोनियोत त्याच्यासाठी काम होतं, क्लिपर्सकडे फक्त जागा होती. महाग करार चालला आणि स्वस्त करार फसला, तो यामुळे.

तेव्हा तुमच्या संघात त्याचं काम नेमकं कोणतं, हे आधी कागदावर लिहा. "नेतृत्व", "अनुभव", "ड्रेसिंग रूममधला आवाज" असलं काही लिहू नका. मिनिटं लिहा. स्टार बाकावर बसतो ती दुसऱ्या क्वार्टरची पहिली सहा मिनिटं आणि चौथ्याची पहिली पाच, ही त्याची का? त्या वेळी मैदानात त्याच्यासोबत कोणते चार असतील? स्टार परत आला की हा बाहेर येणार की कोपऱ्यात उभा राहणार? कोपऱ्यात उभा राहणार असेल तर मिळालेला मोकळा थ्री (रेषेबाहेरून टाकायचा तीन गुणांचा शॉट) तो टाकेल का? याची उत्तरं देता येत नसतील तर खेळाडू कितीही मोठा असो, तुम्ही नाव विकत घेताय.

कोपऱ्यातल्या त्या थ्रीचं महत्त्व लोकांना पटत नाही, म्हणून जेसन किड या जुन्या पॉइंट गार्डचं उदाहरण देतो. तरुणपणी त्याच्या बाहेरच्या शॉटची एवढी टिंगल व्हायची की त्याच्या नावातलं "जे" काढून टाकायचे, म्हणजे याच्याकडे "जे", अर्थात जंपर (उडी मारून टाकायचा शॉट), नाही. तोच किड निवृत्त झाला तेव्हा थ्रींच्या यादीत रे अ‍ॅलन आणि रेजी मिलर यांच्यानंतर तिसरा होता. २०११ मध्ये डॅलस विजेता झाला तेव्हा तो ३८ वर्षांचा होता. ती अंतिम लढत पुन्हा बघा. बचाव फोडून आत घुसायचं काम जे. जे. बरेआ करतोय, बास्केट डर्क नोवित्स्की करतोय, आणि किड चेंडू एका बाजूने दुसऱ्या बाजूला फिरवतोय, मोकळा असला की टाकतोय, बचावात मागे उंच सेंटर टायसन चँडलर उभा आहे याच्या भरवशावर आपल्याहून मोठ्या अंगाच्या खेळाडूला अडवतोय. त्याला वेगाने पळायला लावणारं एकही काम प्रशिक्षक रिक कार्लाइलने त्याच्याकडे ठेवलं नव्हतं. वय वाढलं तसा खेळाडू बदलला, आणि त्या बदललेल्या खेळाडूभोवती पाच जणांची मांडणी केली गेली.

आता एक वर्ष पुढे या. न्यूयॉर्कने २०१२ च्या उन्हाळ्यात त्याला तीन वर्षांसाठी करारबद्ध केलं. संघाने ५४ सामने जिंकले, सुरुवातीच्या महिन्यांत किडचं कौतुकही भरपूर झालं. पण चाळिशीच्या माणसाला सरासरी सत्तावीस मिनिटं खेळवलं गेलं आणि प्लेऑफमध्ये, म्हणजे साखळीनंतरच्या बाद मालिकांमध्ये, त्याचं तेल संपलं. शेवटच्या दहा सामन्यांत मिळून त्याने एकही गुण केला नाही. तीन वर्षांच्या करारातलं एक वर्ष खेळून तो निवृत्त झाला. नोव्हेंबरात दिसणारा पस्तिशीपारचा गार्ड आणि मे महिन्यातला तोच गार्ड ही दोन वेगळी माणसं असतात. करार तुम्ही मे महिन्यातल्या माणसाशी करत असता.

व्हिडिओत मी काय बघतो ते सांगतो, कारण आकडे सगळ्यांकडेच असतात. पहिली गोष्ट, आवाज बंद. समालोचक जुन्या खेळाडूचं कौतुक करण्यात इतके रमलेले असतात की आपल्यालाही तेच दिसायला लागतं. मग त्याचे चांगले सामने बाजूला ठेवून लागोपाठच्या दोन रात्रींपैकी दुसऱ्या रात्रीचा चौथा क्वार्टर लावतो. सहकाऱ्याने स्क्रीन लावला, म्हणजे बचावपटूच्या वाटेत आडवा उभा राहिला, गार्ड त्याला घासून वळला, आणि समोर प्रतिस्पर्ध्याचा उंच सेंटर मागे सरकत उभा आहे. इथे थांबवा आणि सेंटरचे हात बघा. हात वर आणि पाय पुढे असतील तर त्याला गार्डच्या शॉटची भीती आहे. हात खाली ठेवून तो फक्त आपल्या माणसावर लक्ष ठेवून असेल, तर तुमचा गार्ड बचावाच्या हिशेबातून बाद झालाय. पुढचा हल्ला चाराविरुद्ध पाच असा होणार. पॉल इतकी वर्षं टिकला तो याच जागी. स्क्रीनवरून वळला की तो मागच्या बचावपटूला आपल्या पाठीवर घेतो, वेग कमी करतो, उजव्या एल्बोपाशी (फ्री थ्रो रेषेच्या टोकापाशी) पोचतो आणि थांबतो. तो शॉट पडतो हे माहीत असल्यामुळे सेंटरला पुढे यावंच लागतं, आणि सेंटर पुढे आला की त्याच्या मागची जागा मोकळी. यात उडी मारायला लागत नाही, धावायलाही फारसं लागत नाही.

दुसरी खूण शॉट क्लॉकवर, म्हणजे प्रत्येक हल्ल्याच्या २४ सेकंदांच्या घड्याळावर, दिसते. जुना गार्ड चेंडू चालत चालत आणतो. २४ पैकी १६-१७ सेकंद उरले असताना पहिली चाल सुरू होत असेल तर शांत, मांडून खेळणाऱ्या संघाला ते चालतं. तुमचे तरुण विंग (बाजूने खेळणारे) मात्र रीबाउंड (हुकलेल्या शॉटचा चेंडू) पकडल्या पकडल्या पळणारे असतील तर हा माणूस त्यांचा वेग मारतो, आणि कोणीतरी त्याला मागे टाकून पळायला लागलं की कुरबुरी सुरू होतात.

असिस्टच्या सरासरीकडे मी फारसं बघत नाही. चेंडू ज्याच्या हातात जास्त, त्याचे असिस्ट जास्त. त्यापेक्षा टर्नओव्हर (गमावलेले चेंडू) कोणत्या प्रकारचे आहेत ते बघा. पास हुकला तर फार काळजी नाही. ड्रिबल करताना मैदानाच्या मध्यावर चेंडू काढून घेतला जात असेल तर पाय गेलेत असं समजा, आणि ते परत येत नाहीत.

आता बचाव. आपल्याकडे वयाचा विषय निघाला की लगेच धोनीचं नाव येतं. चाळिशीनंतरही खेळतोय ना, मग हा का नाही? पण विकेटकीपरला लपायला जागा असते. गोलंदाज कोण, फलंदाज कोण, त्याचं काम बदलत नाही. बास्केटबॉलमध्ये समोरचा संघ ठरवून प्रत्येक वेळी तुमच्या सगळ्यात संथ माणसालाच बचावात ओढतो. हा ज्याला अडवतोय त्याला बोलावून स्क्रीन लावायचा, बचावपटूंनी आपापली माणसं बदलली की आपला सगळ्यात चपळ खेळाडू या म्हाताऱ्यासमोर. साखळी सामन्यांत हे अधूनमधून होतं, प्लेऑफच्या सात सामन्यांच्या मालिकेत दर वेळी. म्हणून त्याच्या सोबतच्या चौघांत चेंडूवाल्याला अडवणारा एक कणखर गार्ड आणि मागे रिमची राखण करणारा सेंटर नसेल, तर हा करार मी नामंजूर करतो. माइक कॉन्ली हा अनुभवी गार्ड मिनेसोटात चालला त्यामागे सेंटर रूडी गोबेअर आणि चेंडूवाल्याला अडवणारा जेडन मॅकडॅनियल्स आहेत. गोबेअरसोबत तो युटात खेळलेला होता, गोबेअरला चेंडू कुठे आणि केव्हा लागतो हे शिकवावं लागलं नाही. पुढे अँथनी एडवर्ड्सकडे चेंडू गेला की कॉन्ली बाजूला उभा राहून मोकळे थ्री टाकायचा. २०२३-२४ मध्ये ४४ टक्के. २०२४ आणि २०२५ अशा लागोपाठ दोन वर्षी संघ पश्चिम विभागाच्या अंतिम फेरीत गेला. तो फ्री एजन्सीतून आला नव्हता, अदलाबदलीत आला होता, पण जुना गार्ड कसा बसवावा याचा एवढा चांगला नमुना अलीकडे दुसरा नाही.

अनुभवाने नेमकं काय मिळतं, याचं माझं आवडतं उदाहरण डिसेंबर २०१९ मधलं आहे. पॉल तेव्हा ओक्लाहोमा सिटीत. मिनेसोटाविरुद्धचा सामना जवळपास गेलेला, शेवटची १.१ सेकंदं उरलेली. मिनेसोटाचा जॉर्डन बेल बदली म्हणून आत आला आणि त्याची जर्सी बाहेर लोंबत होती. पॉलने रेफरीला ते दाखवून दिलं. खेळाला उशीर केल्याबद्दल मिनेसोटाला त्या सामन्यात आधी ताकीद मिळालेली असल्यामुळे या वेळी तांत्रिक फाऊल मिळाला. ओक्लाहोमाला एक फ्री थ्रो, त्यानंतर अख्खं मैदान ओलांडणारा पास, बरोबरी, आणि जादा वेळेत विजय. रडीचा डाव म्हणा हवं तर. पण नियमाचं ते कलम, आधीची ताकीद आणि घड्याळ, या तिन्ही गोष्टी एकाच वेळी डोक्यात असणारा माणूस त्या रात्री मैदानात एकच होता.

यावर बरेच जनरल मॅनेजर विचारतात, मग त्याला सहायक प्रशिक्षकच का करू नये? पगार कमी, शिवाय रोस्टरमधली (खेळाडूंच्या यादीतली) जागाही अडत नाही. मुद्दा बिनतोड वाटतो, पण पूर्ण खरा नाही. घाम गाळणाऱ्याचं बोलणं खेळाडू वेगळ्या कानांनी ऐकतात. मात्र त्याची दुसरी बाजूही आहे. जो खेळत नाही त्याचे बोल सराव शिबिरात सगळे ऐकतात, नाताळपर्यंत ते टोचायला लागतात. तेव्हा फक्त उपदेशासाठी माणूस हवा असेल तर खरोखरच प्रशिक्षक नेमा. यादीतली शेवटची, पंधरावी जागा एखाद्या तेवीस वर्षांच्या मुलाला द्या.

पैशांचं आता पटकन सांगतो. दहा किंवा जास्त वर्षांचा अनुभव असलेल्या खेळाडूचा किमान पगार २०२५-२६ मध्ये ३६ लाख डॉलरच्या आसपास होता, पण करार एकाच वर्षाचा असेल तर संघाच्या खात्यात फक्त २३ लाख धरले जातात, वरचे लीग भरते. दोन वर्षांचा किमान करार केलात की ही सवलत गेली. ज्या संघाचा पगार दुसऱ्या एप्रनच्या वर आहे (एप्रन म्हणजे संघाच्या एकूण पगारावरच्या दोन मर्यादारेषा; त्या हंगामात दुसरी सुमारे २० कोटी ७८ लाखांवर होती) त्याच्याकडे बाहेरच्या खेळाडूसाठी किमान पगाराखेरीज दुसरं साधनच नसतं. त्या रेषेखाली असाल तर करदात्या संघांची, म्हणजे जादा पगारावर कर भरणाऱ्यांची, सवलत (त्या हंगामात ५७ लाख) वापरता येते, पण ती वापरली की दुसऱ्या एप्रनवर वर्षभर पाय टाकता येत नाही. मोठी सवलत (त्या हंगामात १ कोटी ४१ लाख) वापरलीत तर पहिल्या एप्रनवरच कुलूप. त्यामुळे बाकावरून पंधरा मिनिटं खेळणाऱ्या माणसासाठी मोठी सवलत वापरणं मला पटत नाही. फेब्रुवारीत दुखापती झाल्यावर हात बांधले जातात.

वर्षांच्या बाबतीत मी आणखी कडक आहे. मायामीने २०२१ मध्ये ३५ वर्षांच्या काइल लाउरीला तीन वर्षांसाठी साडेआठ कोटी दिले. पहिल्या वर्षी संघ पूर्वेत अव्वल आला, दुसऱ्या वर्षी अंतिम फेरीत गेला. तोवर लाउरी बेंचवरून उतरत होता. तिसऱ्या वर्षी त्याचा पगार फक्त अदलाबदलीत दोन्हीकडच्या पगारांचा हिशेब जुळवण्याच्या कामाचा उरला, आणि टेरी रोझियरला आणताना त्या पगारासोबत पहिल्या फेरीचा पिक (नवे खेळाडू निवडण्याचा हक्क) द्यावा लागला. लॉस एंजेलिस लेकर्सनी २०१२ मध्ये ३८ वर्षांच्या स्टीव्ह नॅशसाठी पिक दिले, तीन वर्षांचा करार दिला. दुसऱ्याच सामन्यात त्याचा पाय मोडला आणि तिसऱ्या वर्षी तो एकही सामना खेळला नाही. हाड मोडणं दुर्दैव होतं, त्या वयाला तीन वर्षांची हमी देणं दुर्दैव नव्हतं. उलट फिनिक्सने २०२१ मध्ये पॉलला चार वर्षांचा १२ कोटींपर्यंतचा करार दिला तो नीट वाचण्यासारखा आहे. तिसऱ्या वर्षी अर्धीच हमी, चौथ्या वर्षी शून्य. खेळाडूला आकडा मोठा दिसला, संघाला दार उघडं राहिलं.

आणि प्लेऑफमधल्या एका चांगल्या महिन्यावर भुलू नका. २०२० मध्ये लेकर्ससोबत विजेता झालेल्या राजॉन रॉन्डोला अटलांटाने लगेच दोन वर्षांसाठी दीड कोटी दिले. पुढच्या मार्चमध्येच त्याची अदलाबदल झाली.

वयाची भीती कधीकधी उलटीही अंगावर येते, हे सांगितलं नाही तर उत्तर एकांगी होईल. २००४ मध्ये तीस वर्षांच्या नॅशची पाठ टिकणार नाही म्हणून डॅलसने लांब करार द्यायचं टाळलं. फिनिक्सने सहा वर्षं दिली. त्याच सुमाराला बचावपटूने हात लावून अडवण्यावर लीगने निर्बंध आणले, प्रशिक्षक माइक डी'अँटोनीने सगळा संघ पळवला, २९ विजयांचा संघ ६२ वर गेला आणि नॅश लागोपाठ दोन वर्षं सर्वोत्तम खेळाडू ठरला. डॅलसच्या डॉक्टरांना पाठ दिसत होती, तो पुढे कोणत्या पद्धतीच्या खेळात उतरणार हे दिसत नव्हतं.

आता तुमच्या संघाकडे येतो. स्टार विंग आहे आणि दोन तरुण गार्ड आहेत म्हणता. त्यांतला एक जरी चेंडूवाल्याला जखडून ठेवणारा असेल आणि मागे चांगला सेंटर असेल, तर मी हो म्हणेन. एक वर्ष, किमान पगार. हाताशी करदात्यांची सवलत असेल आणि तो त्याशिवाय येत नसेल तर तीही द्या, पण वर्ष एकच. दोन्ही तरुण गार्ड लहानखुरे आणि बचावात कच्चे असतील, तर घेऊ नका. अंतिम मिनिटांतला तुमचा गोंधळ कमी होईल, पण तेवढेच गुण दुसऱ्या टोकाला सुटतील.

सही करण्याआधी मुख्य प्रशिक्षकाने, जनरल मॅनेजरने नव्हे, त्याच्याशी समोरासमोर बोलावं. प्रश्न साधे ठेवावेत. लागोपाठ चार सामने बाकावर बसवलं तर काय करशील? माझी चूक दिसली तर कुठे बोलशील, माझ्या खोलीत की सगळ्यांसमोर? तो खोटं बोलेल ही शक्यता आहेच, पण आपल्या प्रशिक्षकाला हे विचारायची लाज वाटतेय का, हे तरी त्यातून कळतं. लाज वाटत असेल तर जानेवारीत तो त्याला बाकावर बसवू शकणार नाही.

शेवटी तारखा. उन्हाळ्यात घेतलेल्या फ्री एजंटची १५ डिसेंबरआधी अदलाबदल करता येत नाही, म्हणून डिसेंबरच्या सुरुवातीला बिनसलं तर तो फक्त घरी बसतो, जसा पॉल बसला. बिनहमीचे करार १० जानेवारीला पक्के होतात, तेव्हा सोडायचं असेल तर त्याच्या दोन-तीन दिवस आधी ठरवा. आणि १ मार्चनंतर सोडलात तर तो त्या वर्षी दुसऱ्या कोणाकडून प्लेऑफ खेळू शकत नाही. त्याच्या एजंटला हे पाठ असतं आणि फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात त्याचा फोन येतोच. तो येण्याआधी तुमचं उत्तर तयार असू द्या.